अण्णांचा निळा

माझं वय सेहेचाळीस आहे, लातुरात माझा दातांचा दवाखाना आहे आणि मी अंगठ्याच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या सैनिकांना रंग देतो. तिसरी गोष्ट मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितली की समोरचा आधी "मुलांसाठी का?" असं विचारतो. "नाही, माझ्यासाठी" म्हटलं की जरा वेळ माझ्याकडे बघतो आणि मग पाऊसपाण्याचं काढतो.

या वेडाला कारण माझा नांदेडचा मित्र. कॉलेजात असताना आम्ही एका खोलीत राहायचो. आता तो डोळ्यांचा डॉक्टर आहे, मोठं हॉस्पिटल आहे त्याचं. महिन्यातल्या एका रविवारी मी नांदेडला जातो आणि त्याच्या बंद हॉस्पिटलात, चष्म्याच्या काउंटरवर, आम्ही दोन प्रौढ माणसं युद्ध करतो. आपापली फौज मांडायची, टेपनं अंतर मोजून सैनिक पुढं सरकवायचे, फासे टाकायचे आणि कोण मेलं ते ठरवायचं. बहुतेक वेळा माझेच मरतात. मित्राचा एक नियम मात्र कडक आहे: बिनरंगाचा सैनिक टेबलावर उभा राहणार नाही. "उघडा माणूस लढाईला आणतोस का?" असं तो विचारतो. त्यामुळे खेळ महिन्यातून एकदा आणि रंगकाम रोज, असा माझा संसार झाला.

रंग निवडताना जेवढा गाढवपणा करता येतो तेवढा मी आधी करून घेतला. पहिल्यांदा आमच्या गल्लीतल्या स्टेशनरीवाल्याकडून कापडावर नक्षी काढायचे रंग आणले. ते वाळतच नाहीत. आठ दिवसांनी बघितलं तर तीन सैनिक एकमेकांना मिठी मारून उभे होते. मग शाळेतल्या चित्रकलेसाठी मिळणाऱ्या ॲक्रिलिकच्या ट्यूब आणल्या. तो रंग इतका जाड की नाक, मिशा, पट्टे, सगळं एका हातात बुजलं. त्यानंतर मला वाटलं, आपण दंतवैद्य, ॲक्रिलिक तर आपल्या घरचंच. कवळी करायचं गुलाबी ॲक्रिलिक एका सरदाराच्या तोंडाला लावून पाहिलं. तो सरदार मी जपून ठेवलाय. त्याच्याकडे बघितलं की हिरड्या आठवतात.

शेवटी या कामासाठीच बनवलेल्या, टोकदार तोंडाच्या छोट्या बाटल्या कुरिअरनं मागवल्या आणि माणसात आलो. सैनिक आधी साबणाच्या पाण्यानं धुवायचा. मग प्रायमरचा पातळ हात. रंग बाटलीतून काढला तसा वापरायचा नाही, पाणी घालून दुधासारखा करायचा आणि एका जाड हाताऐवजी दोन पातळ हात द्यायचे. पांढरा आणि पिवळा हे जातीचे आळशी रंग, त्यांना तीन-तीन हात लागतात. लातूरच्या एप्रिलात रंग ब्रशवरून सैनिकापर्यंत पोचायच्या आतच वाळतो, म्हणून डब्याच्या झाकणात ओला टिश्यू, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंगाचे थेंब, अशी सोय करावी लागते. ब्रश धुवायला अर्धी वाटी पाणी. लातूरकराला जास्त पाणी घ्यायला हात होत नाही. अर्ध्या वाटीत अख्खी पलटण न्हाऊन निघते आणि उरलेलं क्रोटनच्या कुंडीला जातं.

दवाखाना खाली आणि घर वर आहे. दुपारी दोन ते पाच दवाखाना बंद असतो. तेवढ्यात मी दाढा बघायचा दुर्बिणीचा चष्मा लावून गॅलरीत बसतो. बायको कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवते. माझ्या या कामाबद्दल तिचं एकच मत आहे आणि ते ती एकदाच बोलली: "बाहेर जाऊन पत्ते खेळण्यापेक्षा बरं."

असं सगळं सुरळीत चाललं होतं आणि अण्णा राहायला आले.

अण्णा म्हणजे माझे वडील. देगलूरला चाळीस वर्षं पेंटर होते. चित्रं काढणारे नव्हेत, पाट्यांचे पेंटर. दुकानांचे बोर्ड, ट्रॉलीच्या फाळक्यावरची नावं, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार. देगलूरच्या बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू असं सगळंच चालतं आणि अण्णा चारही लिप्यांत पाटी रंगवायचे. त्यातली एकच त्यांना वाचता यायची. "वाचायचं गिऱ्हाइकानं, मी फक्त काढतो," असं ते म्हणायचे. त्या पाट्यांवर मी दंतवैद्य झालो. पुढं फ्लेक्स आला आणि अण्णांचे ब्रश रॉकेलच्या डब्यात उभे राहिले ते राहिलेच.

दोन वर्षांपूर्वी माय गेली. वर्षभर अण्णा देगलूरच्या घरात एकटेच राहिले, मग आम्ही त्यांना लातूरला आणलं. ते आले, पण मुक्कामाला आल्यासारखे. निळ्या पट्ट्यांची पिशवी कायम खुंटीला. कुणी जरा मनाविरुद्ध बोललं की पिशवी खाली यायची, दोन सदरे आत जायचे आणि "देगलूरची गाडी किती वाजता हाय?" असा प्रश्न यायचा.

माझा छंद बघून ते पहिल्या दिवशी काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी एक सैनिक उचलून नखानं टोकरला.

"हे लोखंड हाय का लाकूड?"

"प्लास्टिक आहे अण्णा."

"प्लास्टिकला कोन रंग देतंय? बादलीला कोनी रंग दिल्याला पाह्यला का तू?"

आणि आल्यागेल्याला सांगू लागले, "आमचा डाक्टर बादल्या रंगवून राहिला."

आता आमच्या देगलूरच्या दाराबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या दाराशी जाऊन थांबतं.

आठ वर्षांपूर्वी मायनं अण्णांकडे मागणं केलं. दार रंगवून द्या, आणि रंग असा, म्हणून तिच्या आकाशी लुगड्याचा पदर दाखवला. अण्णांनी पदर तळहातावर घेतला आणि उजवा डोळा मिटला. रंग जुळवताना ते नेहमी उजवा डोळा मिटायचे, डाव्यानं बघायचे. तो डावा डोळा म्हणजे त्यांची खरी कमाई, असं त्यांचं म्हणणं होतं. दुपारभर ऑइलपेंट घोटून त्यांनी दार रंगवलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात माय अंगणात उभी राहिली आणि म्हणाली, "हे तर हिरवं झालं."

ते भांडण माय जाईपर्यंत चाललं. म्हणजे सहा वर्षं. ते कडाक्याचं नव्हतं, रोजचं होतं. स्वयंपाक करताना चालायचं, पाणी भरताना चालायचं. अण्णा म्हणायचे, "तुला रंगातलं काय कळून राहिलं?" माय म्हणायची, "मला कळत न्हाई, पन दिसतंय ना." घरी येणाऱ्या प्रत्येकाला दारात थांबवून साक्ष काढली जायची आणि प्रत्येक जण साक्ष अण्णांच्या बाजूनं द्यायचा. समोरचा किराणावाला, शेजारची काकू, दूधवाला, सगळ्यांचं एकमत: "आकाशी हाय की! झ्याक!" ज्या माणसानं चाळीस वर्षं गावाला रंग दिला त्याला रंग चुकला असं सांगायचं कुणाच्या तोंडानं?

सुट्टीत मी गेलो तर मायनं मला हातातली बॅगही ठेवू दिली नाही. "तू सांग. शिकल्याला हायेस. निळं का हिरवं?"

दार हिरवट होतं. पोपटी नव्हतं, पण तळ्याच्या कडेच्या पाण्याकडे झुकलेलं होतं. मला स्वच्छ दिसत होतं. माझ्या मागं अण्णा उभे होते.

"मधला रंग आहे," मी म्हणालो.

"मधला म्हंजे कोन्ता?"

"म्हणजे... उजेडावर आहे."

मायनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि परत कधी विचारलं नाही. पेशंटला दाढ काढताना "अजिबात दुखणार नाही" म्हणतो तेवढ्याच सहजपणे मी ते वाक्य बोललो होतो. त्या वाक्याची लाज मला अजून वाटते.

लातूरला आल्यावर अण्णा चहा कपाबाहेर ओतू लागले तेव्हा मी त्यांना नांदेडला मित्राकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. बरीच वर्षं साठत आलेला. आधी उजवा करू, महिन्यानं डावा, असं ठरलं. उजवा झाला. पट्टी सोडली तेव्हा अण्णांनी मित्राच्या पांढऱ्या कोटाकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, एक डोळा मिटला, दुसरा मिटला आणि निकाल दिला: "या डोळ्यात तुम्ही नीळ टाकली."

"काय टाकलं, काका?"

"नीळ. धुन्याची नीळ. सगळं निळसर दिसून राहिलं. डोळा बिघडवला तुम्ही."

मित्रानं समजावलं. जुनं भिंग वर्षानुवर्षं पिवळं पडत जातं काका, हळूहळू पडतं म्हणून आपल्याला कळत नाही. आता दिसतं तेच खरं. अण्णा ऐकून घेऊन म्हणाले, "बेटा, मी चाळीस साल रंगात काढले. खरं काय ते माझा डावा डोळा सांगतो. त्याला मी हात लावू देनार न्हाई."

आणि खरंच लावू देईनात. महिना गेला, तीन महिने गेले, पाच गेले. मित्र मला बाजूला घेऊन म्हणाला, "भिंग दगड होत चाललंय. अजून उशीर केलास तर ऑपरेशन अवघड जाईल आणि मधेच डोळ्यातला दाब वाढला तर डोळाच जाईल." मी अण्णांना सांगितलं. बायकोनं सांगितलं. ते एकच बोलायचे, "खोटा डोळा एक दिला, बास झाला." आपल्या बापाचा डोळा आपल्यादेखत जाणार आणि तोही नीळ या कारणानं, हे मला सहन होईना. रागही यायचा आणि भीतीही वाटायची.

त्याच दिवसांत त्यांनी माझ्या फौजेत हात घातला.

एका दुपारी वर आलो तर गॅलरीत वर्तमानपत्रावर वीस सैनिक आडवे होते, नखशिखान्त तांबडे.

"प्रायमर मारला," अण्णा म्हणाले. "तूच म्हनला ना, पहिले प्रायमर पाहिजे."

त्यांनी रेड ऑक्साइड मारलं होतं, जे लोखंडी फाटकाला मारतात. दाट, तीन इंची ब्रशनं. एकाही सैनिकाला तोंड उरलं नव्हतं.

"अण्णा, हे फाटकाचं आहे!"

"मंग आता शंभर साल गंजनार न्हाईत."

मी कपाळाला हात लावला तेव्हा त्यांना जरा वाईट वाटलं. "थिनरनं निघतं," म्हणून त्यांनी एक सैनिक थिनरच्या वाटीत सोडला. आम्ही दोघं वाकून बघत होतो. आधी तलवार वितळली, मग हात, मग सैनिक गुडघ्यावर बसला. अण्णा वाटीवर आणखी वाकले. म्हणाले, "बादली चांगली असती रं याच्यापरीस."

त्या एकोणीस तांबड्यांना मित्रानं खेळायला परवानगी दिली, चिखलातून आलेली पलटण म्हणून. माझ्याकडून ती पलटण कधी नव्हे ती जिंकली. हे अण्णांना कळल्यावर ते रोज दोन वाजता माझ्या आधी गॅलरीत येऊन बसू लागले.

आणि काय सांगू, काय हात होता! मी दुर्बिणीचा चष्मा लावून, कोपर टेबलाला टेकवून, श्वास कोंडून जो कमरपट्टा चार वेळा पुसून काढायचो तो अण्णा एका रेघेत काढायचे. रेघ सुरू केली की संपेपर्यंत थांबायचे नाहीत. रेघ मारताना ते नव्या उजव्या डोळ्यानं बघायचे, हे मी हेरलं होतं, पण बोललो नाही. रंग जुळवायची वेळ आली की मात्र उजवा मिटायचा आणि डावा कामाला लागायचा. रेघेला बिघडलेला डोळा चालतो, रंगाला चालत नाही, असा तो कायदा होता. दोन पातळ हातांची माझी पद्धत त्यांना मान्य होती. "ह्ये बराबर हाय. जाड हात कामचुकाराचा," म्हणाले. माझ्या उभ्या आयुष्यात त्यांनी माझ्या कामाची केलेली ही पहिली तारीफ.

मग झग्यांचं प्रकरण झालं. बारा सैनिकांच्या पाठीवर लांब झगे होते, अण्णांच्या भाषेत घोंगडी. सहा झगे मी निळे केले होते. सकाळी दवाखान्यात जाताना उरलेले सहा त्यांच्यावर सोपवले. दोन वाजता वर आलो. निळ्याची बाटली संपल्यामुळे अण्णांनी हाताशी होते ते रंग मिसळून निळा बनवला होता. शेजारी पांढरा होता, निळ्याचे उरलेसुरले थेंब होते आणि हिरव्याची बाटली उघडी होती. सहा झगे माझे निळे. सहा झगे तळ्याच्या कडेच्या पाण्याचे. तोच रंग. मी उंबऱ्यातच थांबलो.

"जमला का?" अण्णांनी विचारलं.

"उजेडावर आहे" हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. खरंच आलं होतं. बायको मागं येऊन उभी राहिली होती. मी ते वाक्य गिळलं आणि म्हणालो, "अण्णा, हे सहा हिरवे झालेत."

"काय म्हनला?"

"हिरवे आहेत."

पुढची पंधरा मिनिटं मी लिहीत नाही. दंतवैद्याला रंगातलं काय कळतं इथून सुरुवात झाली आणि बादलीवरून विषय माझ्या दहावीच्या चित्रकलेच्या मार्कांवर गेला. मीही तोंड सोडलं. पिशवी खुंटीवरून खाली आली. दोन सदरे आत गेले.

"भांडू नका," बायको म्हणाली. "पेपर घेऊ."

लातुरात कुठल्याही वादावर हा एकच उपाय आहे. तिनं बाराही सैनिकांच्या बुडाला पेन्सिलीनं नंबर घातले, कुठला कुणाचा ते कागदावर लिहून घेतलं, सैनिक परातीत घालून चांगले हलवले आणि पाटावर ओळीनं मांडले. "अण्णा, आधी डाव्या डोळ्यानं. यातले वेगळे कोणते ते बाजूला काढा."

अण्णांनी उजवा मिटला, डाव्यानं ओळ बघितली. "वेगळं काय हाय यात? बाराच्या बारा एक रंग."

"आता उजव्यानं."

त्यांनी कंटाळत डावा मिटला. ओळीवरून नजर गेली आणि थांबली. परत मागं आली. मग त्यांचा हात पुढं झाला आणि त्यांनी एकेक सैनिक उचलून उजव्या बाजूला ठेवला. सहा. बायकोनं बुडं उलटी केली. सहाच्या सहा त्यांचे स्वतःचे.

"परत," अण्णा म्हणाले.

तिनं तीनदा पेपर घेतला. तिन्ही वेळा डावा डोळा नापास, उजव्याला पैकीच्या पैकी.

"त्यात नीळ हाय म्हनून तसं दिसतंय," अण्णा म्हणाले, पण आवाज उतरला होता.

"अण्णा," बायको अगदी हळू बोलली, "नीळ घातली तर सगळ्या कपड्यांना सारखी लागते ना? मग सहाच कसे वेगळे निघाले?"

 अण्णांनी एक निळा आणि एक हिरवा असे दोन सैनिक तळहातावर घेतले. मग, कुणाला उद्देशून नाही, असे म्हणाले, "दार." बायकोला कळलं नाही. मला कळलं.

रात्री ते नीट जेवले नाहीत. सकाळी उठून बघतो तर अण्णा पिशवी घेऊन चप्पल घालून तयार. "देगलूरला जायचंय."

मला वाटलं, संपलं. आता हे परत यायचे नाहीत. खरं बोलायची एवढी हौस मला आठ वर्षं उशिरा का आली म्हणून मी स्वतःला शिव्या घातल्या, दवाखान्याला कुलूप लावलं आणि त्यांच्याबरोबर निघालो.

उदगीरवरून एसटी. अण्णा खिडकीशी बसले आणि वाटभर एकदा हा डोळा मिटून, एकदा तो डोळा मिटून जग तपासत राहिले. शेताच्या बांधावर वाळत घातलेली लुगडी, ट्रकची तोंडं, बसस्टँडवरच्या पाट्या. त्यातच समोरच्या सीटवरच्या एका बाईकडे बघूनही दोनदा झालं. ती उठून उभी राहिली, म्हणाली, "म्हाताऱ्याला शरम हाय का न्हाई?" मला सगळ्या गाडीसमोर मोतीबिंदूचं व्याख्यान द्यावं लागलं. अण्णांना पत्ताही नव्हता. त्या बाईचा पदर पिवळा होता की लिंबू रंगाचा, हे त्यांना ठरवायचं होतं.

घरी पोचलो तेव्हा अंगणात ऊन पडलं होतं. अण्णा आधी मान खाली घालून आत गेले, मायच्या पेटीतून ते आकाशी लुगडं काढून आणलं, दाराला पदर टेकवला आणि मग डावा डोळा मिटला. जन्मभर उजवा मिटणाऱ्या माणसाला तो डोळा नीट मिटतासुद्धा येत नव्हता, बोटानं धरावा लागला.

अण्णांनी पदर दारावर वरपासून खालपर्यंत फिरवला. मग वळले आणि सरळ समोरच्या किराणावाल्याला हाक मारली. "इकडं या. दाराचा रंग कोन्ता हाय?"

किराणावाला सवयीनं म्हणाला, "आकाशी हाय की अण्णा! झ्याक!"

"हिरवा हाय, लबाडा!"

शेजारची काकू कुंपणावरून डोकावली. तिलाही तोच प्रश्न. ती बिचारी म्हणाली, "आकाशी." तिलाही तेच ऐकून घ्यावं लागलं. दूधवाला त्या वेळी नेमका सायकलवरून चालला होता, त्यानं दोघांची गत बघितली आणि "तुम्ही म्हनाल तो" म्हणून पॅडल मारलं. पाच मिनिटांत दारात सहा-सात माणसं जमली आणि एकेक जण कबूल करू लागला. हाव अण्णा, हिरवटच हाय. पहिल्यापासूनच हाय. वैनी खरंच म्हनत व्हत्या. पन तुम्हाला कोन सांगंल? काकू तर हसत सुटली. मलाही हसू आलं.

तेव्हा अण्णा माझ्याकडे वळले.

"तुला दिसत व्हतं का?"

"हाव," मी म्हणालो.

"मंग बोलला कामून न्हाईस?"

 मी रडलो. सहा-सात माणसांसमोर, सेहेचाळिसाव्या वर्षी.

"सहा साल," अण्णा म्हणाले. "सहा साल ती एकटीच खरं बोलत व्हती. अन् तिला एक मानूस भेटला न्हाई."

माणसं पांगली. मी अण्णांना म्हणालो, बाजारातून रंग आणतो, आजच्या आज दार आकाशी करू. ते म्हणाले, "नको. आत्ता दिसतंय मला, तिला दिसत व्हतं तसं. राहू दे." मग त्यांनी पिशवी उघडली. मी समजत होतो आत कपडे असतील. आत माझा सगळ्यात बारीक ब्रश होता, पांढऱ्याची बाटली, डब्याचं झाकण, टिश्यू, बटर पेपर आणि पॉलिश पेपरचा तुकडा. सदरा एकही नव्हता.

कडीच्या खाली, हाताएवढ्या जागेत, त्यांनी ऑइलपेंटवर पॉलिश पेपर घासून चकाकी उडवली. पुसलं. झाकणात पांढऱ्याचे थेंब घेऊन पाण्यानं दुधासारखे केले. आणि जवळचं बघायचा आपला चष्मा लावून, डावा डोळा बोटानं मिटून धरून, देगलूरच्या बाजारात कधीकाळी दिसायची तशा गोल, भरीव अक्षरात एक ओळ लिहिली: "हे दार हिरवं आहे." सैनिकाच्या कमरपट्ट्याएवढ्या जाडीची रेघ. पांढरा रंग आळशीच, पहिल्या हातात खालचं हिरवं दिसत राहिलं.

पहिला हात वाळेपर्यंत आम्ही उंबऱ्यावर बसलो. अण्णा म्हणाले, "फोन लाव तुझ्या दोस्ताला. बुधवारी येतो म्हन. डावा पन करून टाक म्हनावं."

मी फोन लावला. मित्रानं ऐकलं आणि विचारलं, "काकांना विचार, या वेळी नीळ किती टाकू?" मी ते तसंच सांगितलं. अण्णा म्हणाले, "जेवढी त्यात टाकली तेवढीच टाक. कमी नको."

मग दुसरा हात झाला, मग तिसरा. ओळ पांढरीशुभ्र झाली. मी बाटलीचं टोपण लावायला घेतलं तर त्यांनी हात धरला. अजून राहिलं होतं. पाटी झाली की खाली उजव्या कोपऱ्यात पेंटर आपलं नाव घालतो, बारीक अक्षरात. अण्णांनी चाळीस वर्षं घातलं. देगलूरच्या जुन्या पाट्यांवर ते अजून सापडतं. ते वाकले, श्वास कोंडला आणि त्या कोपऱ्यात मायचं नाव लिहिलं. साऱ्या गावाची नावं लिहून झालेल्या माणसाच्या हातचं ते नाव मी पहिल्यांदाच बघत होतो. त्यालाही त्यांनी तीन हात दिले.